घासलेला राणीछाप रुपया: १८६२ चं नाणं कसं ओळखायचं आणि त्याचा ग्रेड कसा ठरवायचा

नागपुरातल्या जुन्या घरांमधून राणीछाप रुपया अजूनही निघतो. कधी लक्ष्मीपूजनाच्या डब्यात, कधी आजीच्या हमेलीत, म्हणजे रुपयांच्या माळेत, कधी महाल भागातला एखादा वाडा उतरवताना कोनाड्यात. सापडणाऱ्याची नजर आधी सालावर जाते, ‘१८६२’ दिसतं आणि त्याचा निकाल तिथंच लागतो: एक तर घबाड हाती लागलं, नाही तर घासून गेलेला आहे, सराफाकडे टाकून मोकळं व्हावं. दोन्ही निकाल घाईचे आहेत. या रुपयावरचं साल जे सांगतं ते बहुतेकदा खरं नसतं, आणि राणीचा चेहरा सपाट झाला तरी रुपयाची ओळख दुसरीकडे टिकून राहते. म्हणून नवख्या माणसानं एक क्रम पक्का धरावा. आधी नाणं अस्सल आहे का, मग कोणत्या प्रकारचं आहे, आणि ग्रेड, म्हणजे ते किती झिजलंय याचा दर्जा, सगळ्यात शेवटी.

साल १८६२, पण नाणं कधीचं?

१८५८ मध्ये कंपनीचं राज्य संपलं आणि कारभार इंग्लंडच्या राणीकडे गेला. तिच्या नावाचा नवा रुपया १८६२ मध्ये आला. त्यापुढं टांकसाळींनी साल बदललंच नाही. १८७३ पर्यंत पाडलेल्या रुपयांवर १८६२ हेच साल राहिलं, खरं साल पुन्हा उमटू लागलं ते १८७४ पासून. (कंपनीच्या १८४० च्या रुपयाचंही असंच झालं होतं, तोही कित्येक वर्षं त्याच सालानं पडत राहिला.) त्यामुळे ‘१८६२ चे रुपये’ भरपूर आहेत. निव्वळ साल पाहून कुणी दुर्मीळ म्हणत असेल तर त्यावर जाऊ नये.

नागपूरकरांना या नाण्याचा काळ ओळखीचा वाटेल. भोसल्यांचं राज्य १८५३-५४ मध्ये खालसा झालं, १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला, १८६३ मध्ये अजब बंगला, म्हणजे इथलं वस्तुसंग्रहालय, उघडला, आणि १८६७ मध्ये मुंबईकडून येणारी रेल्वे नागपूरला पोचली. हा रुपया त्याच वर्षांत हातोहात फिरत होता.

आधी हे बघा की हातातला रुपया हाच आहे ना. पुढच्या बाजूला राणी डावीकडे तोंड करून आहे, डोक्यावर मुकुट, अंगात भरतकामाचा पोशाख, एका बाजूला ‘व्हिक्टोरिया’ आणि दुसऱ्या बाजूला ‘क्वीन’. मागच्या बाजूला फुलापानांची नक्षीदार चौकट आणि आत चार ओळी: वन, रुपी, इंडिया, १८६२. सगळी अक्षरं इंग्रजी. राणी मुकुटाशिवाय असेल आणि मागे फारसी अक्षरांसह ‘ईस्ट इंडिया कंपनी’ असेल तर तो १८४० चा. ‘क्वीन’ऐवजी ‘एम्प्रेस’ असेल तर तो १८७७ किंवा त्यानंतरचा, कारण १ जानेवारी १८७७ पासून राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाली. हे तीन रुपये डब्यात नेहमी मिसळलेले असतात. पहिल्याच दिवशी वेगळे करून ठेवा.

काय लागेल

दहापट मोठं दाखवणारं भिंग, म्हणजे सराफ डोळ्याला लावतात ते. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा. मान वाकवता येणारा टेबललॅम्प. एक मऊ कापड किंवा जाड टॉवेल, नाणं त्याच्यावर धरायचं म्हणजे निसटलं तरी फरशीवर आपटणार नाही. नाणं नेहमी कडेनं धरावं. अंगठा राणीच्या गालावर ठेवायची सवय लागली की बोटाचा घाम तिथं डाग पाडतो आणि तो जात नाही.

वजन आणि पाणी

नव्या रुपयाचं वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम. जुना तोळा म्हणतात तो हाच. चांदी ९१.७ टक्के, बाकी तांबं. चांदी तेवढी धरली तर ती साधारण १०.६९ ग्रॅम भरते.

फिरलेला रुपया थोडा हलका असणारच. किती हलका चालेल याला कायद्याचाच आधार आहे: १९०६ च्या नाणे कायद्यानं रुपयाची घट २ टक्क्यांपर्यंत मान्य केली होती, म्हणजे ११.४३ ग्रॅमच्या आसपास. खूप घासलेले रुपये त्याच्याही खाली उतरतात, त्यात वावगं काही नाही. मात्र अक्षरं ठळक, मुकुट स्वच्छ आणि वजन ११ ग्रॅमच्या खाली असा मेळ दिसला तर नाणं बाजूला काढा. नाणं घासलं गेल्याशिवाय वजन कमी होत नाही. नकली नाण्यात या दोन गोष्टी जुळत नाहीत.

लोहचुंबकाची चाचणी फक्त लोखंडी नकला पकडते. त्याहून कामाची चाचणी पाण्याची. काट्यावर पाण्याचा अर्धा पेला ठेवा आणि काटा शून्यावर आणा. बारीक दोऱ्याला नाणं बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असं लटकवत धरा, तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका, बुडबुडे चिकटले असतील तर हलकेच हलवून घालवा. काटा जो आकडा दाखवेल ते नाण्यानं बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. पूर्ण वजनाच्या अस्सल रुपयाला तो साधारण १.१३ ग्रॅम येतो. नाण्याच्या वजनाला या आकड्यानं भागलं की उत्तर १०.३ च्या आसपास यायला हवं, नाणं घासलेलं असलं तरीही. जर्मन सिल्व्हरच्या नकलेला हेच उत्तर नऊच्या खाली येतं. पाच मिनिटांचं काम आहे, नाण्याला ओरखडा पडत नाही, आणि कसोटीच्या दगडावर घासायची वेळ येत नाही. चाचणी झाल्यावर नाणं टिपकागदावर ठेवून वाळू द्या, पुसू नका.

आता भिंगातून कड आणि मोकळी जागा बघा. कडेवर उभ्या बारीक रेषा सगळीकडे सारख्या असाव्यात. कडेच्या मधोमध सांध्याची रेघ धावत असेल तर नाणं साच्यात ओतलेलं आहे. अक्षरांच्या मधल्या मोकळ्या जागेत पुरळासारखे फुगवटे किंवा बुडबुड्यांचे खळगे दिसले तरी तेच. ठशानं पाडलेल्या नाण्याची अक्षरं घासून बुटकी होतात, पण मुळाशी त्यांचा काठ ताठ राहतो. ओतलेल्या नाण्यात तो काठच विरघळल्यासारखा दिसतो.

प्रकार: लक्ष फुलांवर

इथं घाई करू नका, या नाण्याची खरी गंमत इथं आहे.

संग्राहक राणीच्या बाजूचे दोन मुख्य प्रकार मानतात, ए आणि बी. फरक पोशाखाच्या पुढच्या पट्टीत आहे. या पट्टीचे एकाखाली एक कप्पे केलेले आहेत आणि सगळ्यात खालचा कप्पा किती दिसतो यावरून प्रकार ठरतो. अडचण अशी की पोशाख हा उंच भाग, तो लवकर घासतो. ग्रेड कमी असेल तर हा फरक दिसेलच याची खात्री नाही. अशा वेळी ‘ए की बी, वाचता येत नाही’ असं लिहून पुढं जावं, अंदाज ठोकू नये.

मागच्या बाजूचेही दोन प्रकार, पहिला आणि दुसरा. त्यासाठी ‘वन’ शब्दाच्या वर, अगदी माथ्यावर जे फूल आहे ते पाहायचं. पहिल्या प्रकारात हे फूल मोठं, आणि त्याच्या बुडाच्या गुंडाळीवर दोन मोठ्या पाकळ्या. दुसऱ्यात फूल लहान आणि त्या दोन पाकळ्या आखूड. एकटं नाणं पाहून हे ठरवणं नवख्याला जड जातं. दोन-तीन रुपये शेजारी ठेवून माथ्याचं फूल तेवढं बघत गेलं की फरक पटकन डोळ्यांत भरतो, आणि एकदा भरला की विसरत नाही.

मग ठिपके. मुंबईच्या टांकसाळीनं १८६३ पासून ठशांवर बारीक ठिपके घालायला सुरुवात केली. सालाचा आकडा गोठलेला, तेव्हा नाणं कोणत्या वर्षी पाडलं याची खूण म्हणून हे ठिपके. ते दोनच जागी सापडतात: माथ्याच्या फुलाच्या बुडाशी, आणि सालाच्या खाली, तळच्या फुलाच्या डोक्याभोवती. काही नाण्यांवर एका जागी, काहींवर दोन्ही जागी. लिहिण्याची रीत ठरलेली आहे, आधी वरचे ठिपके, मग तिरपी रेघ, मग खालचे. वर एकही नाही आणि खाली चार, तर ०/४. कुठंच नसेल तर ०/०. किंमतीतला मोठा फरक या जोडीमुळे पडतो, कारण काही जोड्या ढिगानं मिळतात आणि काही शोधूनही सापडत नाहीत.

ठिपके मोजताना दिव्याचा उपयोग करा. दिवा डावीकडे, नाण्याच्या जवळजवळ पातळीत आणा. खरा ठिपका उंचवटा असतो: त्याची डावी बाजू चमकते आणि सावली उजवीकडे पडते. खळगा किंवा टोचा असेल तर उलट, सावली डावीकडे आणि चमक उजवीकडे. नंतर नाणं पाव फेरा फिरवून पुन्हा बघा. चारही बाजूंनी उंचवटाच दिसला तर ठिपका. धूळ आणि मळ दर फेऱ्याला वेगळा आकार दाखवतात. आपल्याकडच्या रुपयांना आणखी एक अडथळा असतो तो कुंकवाचा. वर्षानुवर्षं पूजेत राहिलेल्या नाण्यात हळदकुंकू नेमकं तळच्या फुलाच्या पाकळ्यांत बसतं आणि ठिपक्यांसारखं दिसतं, किंवा खरे ठिपके झाकून टाकतं.

या ठिपक्यांमुळेच घासलेला रुपया टाकाऊ ठरत नाही. ते फुलाच्या आडोशाला, खालच्या पातळीत आहेत. फुलाचा मधला उंच भाग झिजून सपाट झाला, राणीचे केस एकजीव झाले, तरी ठिपके पुष्कळदा शाबूत असतात. अगदी घासलेल्या नाण्यात मात्र एखादा ठिपका गेलेला असू शकतो. ठिपक्यांमधलं अंतर अचानक दुप्पट वाटलं तर ‘किमान तीन’ असं लिहावं, चौथा मनानं भरू नये.

१८७४ ते १८७६ चे ‘क्वीन’ रुपये सोपे आहेत, त्यांच्यावर खरं साल आहे आणि टांकसाळीचा प्रश्न तेवढा उरतो. ‘एम्प्रेस’ रुपयांची दुनियाच वेगळी आहे, तिच्यात टांकसाळीची खूण असलेली बी (मुंबई) आणि सी (कलकत्ता) ही अक्षरं उमटलेली की कोरलेली हे पाहावं लागतं. ते नंतर शिका.

आता ग्रेड

नागपूरच्या बाजारातही ग्रेडची नावं इंग्रजीच चालतात, खूप घासलेल्यापासून अजिबात न फिरलेल्यापर्यंत: जी (गुड), व्हीजी (व्हेरी गुड), एफ (फाइन), व्हीएफ (व्हेरी फाइन), एक्सएफ (एक्स्ट्रीमली फाइन), एयू (अबाउट अनसर्क्युलेटेड), यूएनसी (अनसर्क्युलेटेड). ग्रेड देणाऱ्या कंपन्यांच्या बंद डबीत येणाऱ्या नाण्यांवर सत्तरपैकी गुण असतात. घरच्या नाण्यांना अक्षरांचा ग्रेड पुरे.

चार जागा बघायच्या: मुकुटाचा माथा, कानावरचे केस, गाल, आणि खांद्यावरचं भरतकाम. मागच्या बाजूला फुलांचे मध्य आणि पानांच्या शिरा.

एक्सएफ म्हणजे केसांच्या बटा सुट्या, भरतकाम पूर्ण, फक्त गालावर आणि मुकुटाच्या टोकावर हात फिरल्याची छटा. व्हीएफमध्ये कानावरचे केस जागोजागी जुळलेले, पण भरतकामाची नक्षी बहुतेक वाचता येते. एफ म्हणजे केसांचा गोळा झालेला, त्यात तुरळक रेषा, भरतकाम अर्धंमुर्धं; अक्षरं आणि साल मात्र ठणठणीत. व्हीजी आणि जीमध्ये राणीची बाह्यरेषा, सगळी अक्षरं आणि सपाट फुलं. घरात सापडणारे बहुसंख्य रुपये व्हीजी ते व्हीएफ या पट्ट्यात येतात. यूएनसी हा शब्द विक्रेते सढळ हातानं वापरतात. नाणं दिव्याखाली हळूहळू कलतं केलं की चकाकीचा पट्टा चाकाच्या आऱ्यांसारखा फिरला पाहिजे, आणि तो गालावरूनही तुटक न होता गेला पाहिजे. गालावर येऊन पट्टा मरत असेल तर ते नाणं फिरलेलं आहे, बाकी कितीही सुरेख असो.

यात एक चकवा आहे. ठसा हलका बसला असेल तर कानावरचे केस टांकसाळीतूनच अर्धवट निघतात. मग ही झीज की हलका ठसा? रंग बघायचा. झिजलेला सपाट भाग आजूबाजूपेक्षा करडा आणि गुळगुळीत असतो. हलक्या ठशाच्या सपाट भागावर बारीक खरखर आणि मूळ चकाकी शिल्लक असते. शिवाय मागच्या बाजूची नेमकी समोरची जागा बघावी, तीही हलकी निघाली असेल तर दोष ठशाचा.

दोन बाजूंचे ग्रेड वेगळे आले तर दोन्ही लिहावेत. एकच द्यायचा झाला तर खालचा द्यावा. स्वतःच्या नाण्याला अर्धी पायरी वर चढवायचा मोह सगळ्यांना होतो. म्हणून तेच नाणं आठवड्यानं, जुनं टिपण न पाहता पुन्हा तपासावं.

ग्रेडपासून वेगळी अशी गोष्ट म्हणजे इजा. विदर्भात हे रुपये हमेलीत आणि गाठल्यात, म्हणजे गळ्यातल्या दागिन्यांत, ओवले जात. घड्याळात बारा असतात त्या जागी, वरच्या कडेवर डाग, जोडाचा करडा पुंजका किंवा रेषा पुसलेली दिसली तर तिथं कडी होती. भोक बुजवलेलं असेल तर तिथल्या चांदीचा रंग वेगळा असतो. सराफांनी पारखताना मारलेले बारीक ठसेही सापडतात. ही नाणी बाद नाहीत, मला स्वतःला तर हमेलीतला रुपया फार मोलाचा वाटतो, पण ‘व्हीएफ, कडी काढलेली’ असं पूर्ण लिहिणं हाच प्रामाणिकपणा.

धुवायचं का?

नाही. चिंच, लिंबू, राख, टूथपेस्ट, सोडा, ॲल्युमिनियमच्या कागदाचा उतारा, यातलं काहीही नको. दिवाळीच्या आधी घरोघरी रुपये घासून लख्ख केले जातात, आणि दर घासणीत केसांची एखादी रेष जाते. घासलेलं नाणं भिंगाखाली लपत नाही: एकाच दिशेनं किंवा गोल गोल गेलेल्या केसाएवढ्या ओरखड्यांचं जाळं दिसतं, आणि अक्षरांच्या कोपऱ्यात मळ तसाच असतो. काळपट थर ही चांदीवर चढलेली साय आहे, ती खालच्या धातूला सांभाळते.

कुंकू, तेल आणि मेण यांची गोष्ट निराळी. शुद्ध पाण्यात, बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये, नाणं एक-दोन दिवस बुडवून ठेवा, पाणी बदला, चोळू नका. तेलकट थर असेल तर शुद्ध ॲसिटोनमध्ये काही मिनिटं बुडवा. काचेच्या भांड्यात, खिडकी उघडी ठेवून, आणि स्वयंपाकघरापासून लांब, कारण ते झटकन पेट घेतं. नेलपॉलिश काढायचं बाटलीतलं पाणी चालणार नाही, त्यात रंग आणि तेल असतं. एवढ्यानं जे निघेल ते निघेल. बाकीचं राहू द्या.

ठेवण्याच्या बाबतीत नागपूरचा उन्हाळा आडवा येतो. उकाड्यापेक्षा कूलर जास्त त्रास देतो. तीन-चार महिने कूलरच्या खोलीत ओली हवा भरून असते आणि चांदी तिथं लवकर काळी पडते. नाणी त्या खोलीत ठेवू नका. मऊ प्लॅस्टिकच्या स्वस्त अल्बमचे कप्पे उष्णतेनं चिकट होतात आणि नाण्यावर हिरवट थर सोडतात. पुठ्ठ्याचे खिडकीवाले होल्डर, हवाबंद डबा, आत सिलिका जेलची पुडी, आणि पावसाळ्याच्या आधी पुडी बदलणं, एवढं केलं की भागतं. होल्डरवर नाणं घालण्याआधीच लिहा: क्वीन, १८६२, मागची बाजू १ की २, ठिपके ०/४, वजन, ग्रेड, इजा, कुठून आलं.

घेताना आणि देताना

इतवारीतल्या सराफ्यात मोडीत आलेले रुपये असतात. ‘भाऊ, निवडून पाहू का?’ असं विचारून, दुकानात गर्दी नसताना बसलं की बहुतेक जण पाहू देतात. चांदीचा एका ग्रॅमचा भाव गुणिले १०.६९ हा हिशेब आधी करून जा, नाणं झिजलेलं असेल तर त्या प्रमाणात कमी. हा भाव म्हणजे तळ. त्याच्या वर किती द्यायचे ते ठिपके आणि ग्रेड ठरवतील. देताना मात्र कुणालाही ढिगाच्या भावानं देऊ नका, आधी सगळ्यांचे ठिपके बघा. मोडीत गेलेला रुपया वितळतो आणि त्याच्याबरोबर त्याची जोडीही जाते.

शेतात किंवा वाड्याच्या पायात पुरलेली नाणी सापडली तर १८७८ चा निखात निधी कायदा लागू होतो, दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. शंभर वर्षांपेक्षा जुनी नाणी १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येतात आणि खाजगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाहीत. परदेशातल्या भाच्यानं मागितलं तरी नाही.

आणि मोबाइलवर ‘तुमचा १८६२ चा रुपया लाखोंना घेतो, आधी नोंदणीचे पैसे भरा’ असा निरोप आला तर एक पैसाही पाठवू नका. रिझर्व्ह बँकेनं २०२१ मध्ये जाहीर केलं आहे की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी तिचा संबंध नाही आणि त्यासाठी ती कुठलंही शुल्क घेत नाही. खरा खरेदीदार पैसे मागत नाही. तो दोन्ही बाजूंचे फोटो, वजन आणि तळच्या फुलाचा जवळून घेतलेला फोटो मागतो.